कोणाच्या तंत्रानें?

व्याकरणाचें नांव काढतांच घरांतील मंडळी एकेक करून उठून जातात, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. अध्यापकाचा धंदाच असा कीं, त्याला आपल्या विषयाचा कंटाळा येत नाहीं, आणि इतरांना तो कां येतो हें त्याला कळत नाहीं. तरीहि आज व्याकरणाविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि तेंहि आपल्या मराठीच्या नव्हे, तर हिमालयाच्या कुशींत व त्याच्याहि पलीकडे बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या व्याकरणाविषयीं. वाचकांनीं इतक्यांतच पान उलटूं नये, अशी विनंति आहे. या व्याकरणाच्या पोटांत माझ्या हातून घडलेल्या दोन चुका आहेत, आणि त्यांपैकीं एक माझ्या स्वतःच्या घरांतली आहे.

प्रथम ओळखीच्या वाटेनें जाऊं. शाळेंत आपण सर्वांनींच प्रयोग घोकलेले आहेत. 'राम आंबा खातो' यांत क्रियापद कर्त्याच्या तंत्रानें चालतें, म्हणून तो कर्तरि. 'रामानें आंबा खाल्ला' यांत तें कर्माच्या तंत्रानें चालतें, म्हणून तो कर्मणि. रामाच्या जागीं सीता आली तरी 'खाल्ला' बदलत नाहीं. आंब्याच्या जागीं पोळी आली कीं लगेच 'खाल्ली' होतें. येथवर सारें सुरळीत असतें. पण 'तूं पोळी खाल्लीस' हें वाक्य पुढें आलें म्हणजे वर्गांतला एखादा हुशार मुलगा थबकतो. 'खाल्ली' हें पोळीचें, हें त्याला पटतें; पण शेवटचा 'स' कोणाचा? तो 'तूं'चा. एकाच क्रियापदानें येथें दोन धन्यांची चाकरी पत्करली आहे. आमच्या व्याकरणकारांनीं याला संकर-प्रयोग म्हटलें. संकर या शब्दाला थोडी नापसंतीची छटा आहे. जणूं चांगल्या कुळांत कांहीं भेसळ झाली असावी! ही छटा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

ज्या भाषाकुलाविषयीं मी लिहीत आहें, त्याला तिबेटी-ब्रह्मी कुल असें म्हणतात. तिबेटी आणि ब्रह्मी या त्यांतल्या दोन वडीलधाऱ्या, ग्रंथसंपन्न भाषा. पण मणिपुरी, मिझो, बोडो, नेपाळांतील नेवारी, लिम्बू व राई लोकांच्या अनेक भाषा, आणि पार चीनच्या सिचुआन प्रांतांतील ग्यालरोंग, हा सारा गोतावळा त्याच कुळांतला. जुन्या ग्रंथांतील तिबेटी किंवा ब्रह्मी घेतली, तर तिच्यांत क्रियापदाला पुरुषाचें सोयरसुतक नसतें. मी जावो, तूं जावो, कीं तो जावो, जाण्याचें रूप तेंच. उलट पूर्व नेपाळांत आणि सिक्कीममध्यें बोलली जाणारी लिम्बू घ्या. तेथें क्रियापद म्हणजे भरलेलें घर असतें. 'तूं' आला कीं धातूच्या आधीं 'के' लागतो. कर्म तृतीय पुरुषी असलें कीं मागें 'उ' येऊन बसतो. आणि मी तुला कांहीं करीत असलों, तर 'ने' असा एकच प्रत्यय लागतो. त्या एका अक्षरांत 'मी' आणि 'तुला' असे दोघेहि सामावलेले असतात.

एवढ्यानें भागत नाहीं. मराठींत 'आपण' आणि 'आम्ही' यांत जो भेद आहे, तो आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे कीं त्याचें नवल वाटत नाहीं. 'आम्ही जेवायला चाललों' असें म्हटलें तर पाहुणा बसून राहतो. 'आपण जेवायला चला' म्हटलें तर उठतो. इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलांना इंग्रजींत हा भेद करतां येत नाहीं, आणि त्यांना त्याची उणीवहि भासत नाहीं. लिम्बू भाषेंत हा भेद आहेच. शिवाय संस्कृताप्रमाणें द्विवचनहि आहे. 'आपण दोघें' म्हणजे 'अन्ची'. 'आम्ही दोघें, तूं सोडून' म्हणजे 'अन्चीगे'. 'आपण सारे' म्हणजे 'अनी'. आणि 'आम्ही सारे, तूं सोडून' म्हणजे 'अनीगे'. आपल्या प्राकृतांनीं द्विवचन केव्हांच टाकून दिलें. या डोंगराळ भाषेनें तें जपलें, आणि नुसतें सर्वनामांत नव्हे, तर क्रियापदाच्या प्रत्ययांतहि जपलें.

आतां माझी पहिली चूक सांगतों. एम्. ए.च्या वर्गाला मी भाषाशास्त्राची ओळख करून देतों. त्यांत तिबेटी-ब्रह्मी कुलाला एक तास पुरतो, असें मी धरून चाललों होतों. त्या तासाच्या माझ्या टिपणांची वही माझ्या नोकरीइतकीच जुनी. तिच्यांत असें लिहिलेलें होतें कीं, या भाषा मूळच्या साध्या व प्रत्ययहीन. हिमालयाच्या दक्षिण उतारावरील कांहींना मात्र मुंडा भाषांच्या संसर्गानें सर्वनामी प्रत्यय चिकटले. चार वर्षांपूर्वीं हें वाक्य मी नेहमींप्रमाणें सांगितलें. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी माझ्यापाशीं आला. तो सिक्कीमचा, लिम्बूभाषी. हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. पटावरील नांवावरून आपण माणूस ओळखतों असा आपला समज असतो, एवढेंच! तो अतिशय नम्रपणें म्हणाला, "सर, आमच्या गांवाच्या आसपास मुंडा लोक मीं कधीं पाहिले नाहींत. आमच्याकडे ते केव्हां आले होते?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. 'पुढच्या तासाला पाहूं,' असें म्हणून मीं वेळ मारून नेली. अध्यापकाचें हें वाक्य किती जुनें आहे, हें माझ्या समव्यवसायी बंधूंना सांगावयास नको.

घरीं येऊन मीं पुस्तकें काढलीं. माझ्या टिपणाचें मूळ मला चटकन सांपडलें. ब्रायन हॉटन हॉजसन हा काठमांडूस ब्रिटिश रेसिडेंट होता. १८४३ सालीं तें पद सोडावें लागल्यावर तो पुढें दार्जिलिंगास राहिला, आणि १८५७-५८ च्या सुमारास त्यानें वायू व बाहिंग या दोन भाषांचीं विस्तृत वर्णनें प्रसिद्ध केलीं. क्रियापदांत सर्वनामें मुरलेल्या या भाषांना 'सर्वनामी' हें नांव त्याच्याच लेखणींतून आलें. पुढें ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा तिसरा खंड निघाला. त्याच्या १९०९ सालच्या पहिल्या भागांत स्टेन कोनोव या नॉर्वेजियन पंडितानें या भाषांचा विचार केला. त्याला त्यांत चार गोष्टी परक्या वाटल्या: विसांच्या पटींत मोजणें, द्विवचन, 'आपण-आम्ही' हा भेद, आणि क्रियापदाला चिकटणारीं सर्वनामें. या चारहि गोष्टी संताळी वगैरे मुंडा भाषांत आढळतात. तेव्हां केव्हां तरी या डोंगरांत मुंडाभाषी लोक राहत असावेत आणि त्यांनीं आपली भाषा टाकतांना तिच्या या खुणा मागें ठेवल्या असाव्यात, असा तर्क त्यानें केला. तर्क हुशारीचा होता. तो पुढें अर्धशतकभर वह्यांवह्यांतून उतरत गेला, आणि माझ्या वहींत तर त्याहूनहि पुष्कळ अधिक काळ राहिला.

या तर्काच्या मागें न बोललेलें असें एक गृहीत होतें. या लोकांची भाषा साधी असलीच पाहिजे. तिच्यांत कांहीं गुंतागुंत आढळली, तर ती दुसऱ्याकडून आलेली असली पाहिजे. तिबेटी व ब्रह्मी या ग्रंथांच्या भाषा. त्यांच्यांत जें नाहीं तें मूळचें नव्हे. डोंगरांतल्या निरक्षर म्हातारीच्या तोंडीं जें आहे, तें उसनें.

आणि येथें माझी दुसरी चूक मला आठवली. ती पहिलीहून जुनी आहे.

माझी पत्नी कोल्हापुराकडची. तिकडच्या पुष्कळ बायका 'मी आलो', 'मी जातो' असें पुरुषांसारखेंच बोलतात. लग्नानंतर ती आमच्या पुण्याच्या घरीं आली, तेव्हां पहिल्याच दिवशीं स्वयंपाकघरांतून म्हणाली, "थांबा, मी चहा घेऊन आलोच." घरांतलीं सारीं हसलीं. मीहि हसलों. पुढें वर्षभर मी तिला सुधारीत राहिलों: आलो नव्हे, आलें; जातो नव्हे, जातें. मी भाषेचा अध्यापक असल्यामुळें माझ्या हंसण्याला शास्त्राचाहि आधार होता. कानडींत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाहीं. 'नानु बंदे' असें बाई म्हणते आणि बुवाहि म्हणतो. तेव्हां कानडीच्या शेजारानें तुमची मराठी बिघडली, असें मी तिला मोठ्या अधिकारवाणीनें सांगत असें. ती ऐकून घेई. हळूहळू ती 'आलें', 'जातें' म्हणूं लागली; आणि त्या दिवसांत ती एकंदरींतच कमी बोलूं लागली होती, हें मला फार उशिरां उमगलें.

कोनोवचा मुंडा आणि माझा कानडी हे दोघे सख्खे भाऊ. समोरच्या माणसाच्या बोलण्यांत आपल्या पुस्तकांत नसलेलें कांहीं आढळलें, कीं तें शेजाऱ्याकडून आलें असें म्हणून मोकळें व्हावयाचें! शेजाऱ्याकडून भाषेंत कांहीं येतच नाहीं असें माझें म्हणणें नाहीं, पुष्कळ येतें. पण आलें असलें तरी तें बिघाड कसें ठरतें? आणि आलें असें म्हणण्यापूर्वीं घरांत शोधून पाहावयास नको काय?

तिबेटी-ब्रह्मी भाषांच्या बाबतींत असा शोध पुढें झाला, आणि त्याची हकीगत मोठी मनोरंजक आहे. १९५७ सालीं युजेनी हेंडर्सन या लंडनच्या विदुषीनें दाखवून दिलें कीं, म्यानमार म्हणजे आपल्या जुन्या ब्रह्मदेशाच्या पश्चिम डोंगरांतील चिन भाषाहि बोलतांना 'सर्वनामी' असते. तेथें मुंडा कोठले? ग्यालरोंग तर पूर्व नेपाळापासून दीड हजार किलोमीटरच्या आसपास दूर. तिच्या क्रियापदांतहि कर्ता व कर्म या दोघांच्या खुणा आढळतात. १९७५ सालीं जेम्स बाउमन यानें बर्कली येथील आपल्या प्रबंधांत अशा साऱ्या भाषांचीं रूपें शेजारीं शेजारीं मांडलीं, आणि हे प्रत्यय मूळ भाषेंतच असावेत असा पक्ष घेतला.

त्याच सुमारास एका मेलेल्या भाषेनेंहि साक्ष दिली. चीनच्या वायव्येस १०३८ पासून १२२७ पर्यंत तांगुत लोकांचें एक राज्य होतें. चंगीझखानाच्या मोंगलांनीं तें बुडविलें. त्यांच्या खाराखोतो या ओसाड नगरींतून कोझलोव या रशियन प्रवाशानें १९०९ सालीं हजारों ग्रंथ पीटर्सबर्गास नेले. क्सेनिया केपिंग या विदुषीनें १९७५ सालीं त्यांतील क्रियापदांचा अभ्यास करून दाखविलें कीं, क्रियेंत 'मी' किंवा 'तूं' गुंतलेले असले, तर तांगुत क्रियापदाच्या मागें त्यांची खूण येते. मग तो 'मी' मारणारा असो वा मार खाणारा असो. दोन तिऱ्हाइतांच्या मारामारींत मात्र क्रियापद स्वस्थ बसतें. ही खूण 'मी'ची असली म्हणजे 'ङा' अशी असते. आणि तिबेटींत व जुन्या ब्रह्मींत 'मी'ला 'ङा' असेंच म्हणतात.

वाचक म्हणतील, मग तंटा मिटला. पण विद्वानांचे तंटे असे मिटत नसतात, आणि तें एका दृष्टीनें बरेंच आहे. १९८९ सालीं स्कॉट डिलान्सी यानें आणि १९९३ सालीं जॉर्ज व्हान ड्रीम यानें मूळ भाषेंतच ही व्यवस्था होती असें प्रतिपादन केलें. मधल्या १९९२ सालीं रँडी लापोला यानें नेमका उलट पक्ष मांडला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: हे प्रत्यय आजच्या सर्वनामांशीं इतके मिळतेजुळते आहेत, कीं ते अलीकडेच चिकटले असले पाहिजेत, जुने असते तर झिजून ओळखूं आले नसते. सर्वनाम क्रियापदाला चिकटणें ही कांहीं दुर्मिळ गोष्ट नव्हे. तें प्रत्येक भाषेंत निरनिराळें घडूं शकतें. यावर दुसरा पक्ष म्हणतो कीं, सगळेच प्रत्यय सर्वनामांसारखे नाहींत. ग्यालरोंगमध्यें 'तूं'साठीं धातूच्या आधीं जो 'त' लागतो, त्याचें तेथील 'तूं' या सर्वनामाशीं कांहीं नातें दिसत नाहीं. जो प्रत्यय आजच्या सर्वनामांतून निघूं शकत नाहीं, तो काल चिकटला असें कसें म्हणावें? पुढें गियोम जाक यानें ग्यालरोंग आणि नेपाळांतील किरांती भाषा यांची बारकाईनें तुलना करून या पक्षाला बळ दिलें. हा वाद चालू आहे. मुंडांचा तर्क मात्र मागें पडला आहे.

हा वाद वाचतांना मला वारंवार मराठीच आठवे. संस्कृतांत 'अगच्छम्', 'अगच्छः' अशीं पुरुषदर्शक रूपें होतीं. तीं टाकून लोक 'गतः' म्हणूं लागले. अहं गतः, त्वं गतः, स गतः. पुरुषाची खूण नाहींशी झाली. हिंदी आजहि तेथेंच आहे: मैं गया, तू गया, वह गया. मराठीला मात्र तें रुचलें नाहीं. तिनें 'गेला' या रूपाला पुन्हां पुरुषप्रत्यय जोडले, आणि गेलों, गेलास, गेला असें नवें घर बांधलें. त्यांतला 'स' मात्र नवा नव्हे. तो 'करिसी'सारख्या जुन्या रूपांतील 'सि'चा वंशज आहे. आतां एखाद्या परक्या पंडितानें 'गेलास' पाहून हें रूप संस्कृतापासून अखंड चालत आलें म्हटलें, तर तो चुकेल; आणि तें सर्वस्वीं नवें म्हटलें, तरीहि चुकेल. घर नवें आहे, पण तुळया जुन्या वाड्याच्या आहेत. तिबेटी-ब्रह्मी भाषांत अशीं किती घरें किती वेळां पडलीं आणि बांधलीं गेलीं असतील! मिझो भाषेंत 'क इन' म्हणजे माझें घर, आणि 'क कल' म्हणजे मी जातों. शब्दशः पाहिलें तर 'माझें जाणें'. आपणहि 'माझें जेवून झालें' असें म्हणतोंच कीं! त्या लोकांनीं षष्ठीच्या या वाटेनें क्रियापदावर नवा थर चढविला, आणि चिनच्या एका बोलींत तर ग्रंथाला हा नवा थर व बोलण्याला निराळे प्रत्यय, असे दोन्ही एकाच गांवांत नांदतात.

पुढच्या तासाला मीं वर्गांत जाऊन जुनें टिपण चुकीचें होतें असें सांगितलें, आणि तो तास त्या विद्यार्थ्याला दिला. त्यानें फळ्यावर एका धातूचीं रूपें लिहावयास आरंभ केला. फळा भरला तरी रूपें संपलीं नाहींत. मध्येंच तो थांबला आणि हसून म्हणाला, "हें रूप मी आजीला विचारून सांगेन. द्विवचनांत मी चुकतों, म्हणून ती मला हसते. माझी धाकटी बहीण तर घरीं नेपाळींतच बोलते." वर्ग हसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. हजारों वर्षें टिकलें कीं नाहीं याविषयीं आम्ही ज्या व्यवस्थेबद्दल भांडतों, ती त्या घरांत आजी आणि नात यांच्या मधल्या एका पिढींत नाहींशी होत होती.

त्या रात्रीं जेवतांना मीं पत्नीला हें सारें सांगितलें. आणि तिच्या 'आलो'बद्दल मी इतकीं वर्षें जें म्हणत आलों, तेंहि चूक होतें, असें सांगितलें. ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "अहो, हें तेव्हांच सांगायचं. आतां माझ्या जिभेलाच सवय राहिली नाहीं. माहेरीं गेलें तरी वहिनी म्हणतात, ही पुणेकरीण झाली." तिच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें मला लागलें. 'माहेरीं गेलें' असें ती माझ्या व्याकरणाप्रमाणें बिनचूक बोलली होती.

काठमांडूच्या नेवारी भाषेंत एक नियम आहे. मी माझ्या स्वतःच्या हातून समजून-उमजून घडलेली गोष्ट सांगतांना क्रियापदाचें एक रूप वापरतों. तुझ्याविषयीं किंवा त्याच्याविषयीं सांगतांना दुसरें. पण तुलाच तुझ्याविषयीं प्रश्न विचारतांना मात्र तें पहिलें, आंतलें रूप वापरावें लागतें. कारण त्या गोष्टीची साक्ष देण्याचा अधिकार तुझा आहे, हें प्रश्न विचारणारा आधींच मान्य करतो. आमच्या प्रयोगांच्या कोष्टकांत याला जागा नाहीं. पण त्या विद्यार्थ्याला आणि माझ्या पत्नीला मीं त्यांच्या भाषेविषयीं आधीं विचारावयास हवें होतें, सांगावयास नव्हे, एवढें त्या नियमावरून माझ्या ध्यानांत आलें.

ती जुनी वही मीं टाकून दिलेली नाहीं. त्या वाक्यावर काट मारून समासांत विद्यार्थ्याचा प्रश्न लिहून ठेवला आहे, आणि दरवर्षीं तो तास मी त्या प्रश्नापासूनच सुरू करतों. घरांत मात्र अशी काट मारतां येत नाहीं. मागच्या दिवाळींत कोल्हापूरहून मेहुणीचा फोन आला होता. मी शेजारच्या खोलींत वाचीत बसलों होतों. बराच वेळ गप्पा चालल्या, आणि शेवटीं पत्नीचा आवाज आला, "बरं, ठेवतो आतां. मी येतो ग पुढच्या महिन्यांत." मीं पुस्तकांतून डोकें वर काढलें नाहीं. ती खोलींत आली, तेव्हां मीं कांहीं ऐकलेंच नाहीं असें दाखविलें.